मुळांवरच्या गाठी आणि प्रोफेसर बायरिंक

आपल्या मंडळाची स्मरणिका निघायची ठरली की संपादिकाबाई प्रत्येकीच्या पदरात एकेक विषय टाकतात. थोर व्यक्तींचे चरित्र हा विषय दरवर्षी असतोच, आणि यंदा तो माझ्या वाट्यास आला. झाशीची राणी, सावित्रीबाई, डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावर पूर्वीच्या अंकांतून आपल्याच भगिनींनी इतके मनापासून लिहिले आहे की त्यात मी आणखी काय भर घालणार? म्हणून मी थोडे धाडस करून एका परक्या देशातील, परक्या भाषेतील, आणि खरे सांगावयाचे तर फारशा गोड स्वभावाच्या नसलेल्या गृहस्थाची निवड केली आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे प्रोफेसर मार्टिनस विलेम बायरिंक. बाजारात, देवळात किंवा हळदीकुंकवाला हे नाव कोणी घेत नाही. परंतु सूक्ष्म जिवांचा अभ्यास करणाऱ्या साऱ्या जगात पाश्चर आणि कॉख यांच्या जोडीने ते घेतले जाते. आणि आपल्या घरातील वरणाशी, उसळीशी आणि पुरणाशी त्यांचा संबंध त्या दोघांहूनही जवळचा आहे.

हा माणूस माझ्या मनात कसा शिरला ते आधी सांगते. मी मुलींच्या शाळेत पुष्कळ वर्षे शास्त्र विषय शिकवला. शेंगा धरणाऱ्या झाडांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत जिवाणू राहतात आणि ते हवेतील नत्र जमिनीत आणतात, हे वाक्य मी दरसाल फळ्यावर लिहिले, मुलींनी दरसाल वहीत उतरवले आणि परीक्षेत दोन गुण मिळवले. ती गाठ मी स्वतः कधी फोडून पाहिली नव्हती, हे आता कबूल करावयास हरकत नाही. निवृत्त झाल्यावर एका पौषात माहेरी गेले होते. हरभरा फुलावर आला होता. वहिनींबरोबर शेतात गेले असता सहज एक रोप खुरप्याने मातीसकट उचलले, बांधाजवळच्या पाटात मुळे धुतली आणि एक टपोरी गाठ अंगठ्याच्या नखाने चिरली. आतून लाल पाणी आले. वहिनींना वाटले, वन्संच्या बोटाला लागले. मी बोट पुसून दाखवले. बोट धड होते, लाल होती ती गाठच. इतकी वर्षे जे शिकवले त्याचा रंगही मला ठाऊक नव्हता. त्या रात्री माझी मलाच लाज वाटली आणि परत आल्यावर मी वाचावयास बसले. वाचता वाचता हे बायरिंक भेटले.

त्यांचा जन्म १६ मार्च १८५१ रोजी अ‍ॅमस्टरडॅम येथे झाला. वडिलांचा तंबाखूचा लहानसा व्यापार होता. तो बुडाला आणि वडिलांना रेल्वेत कारकुनी पत्करावी लागली. घर उठले, गाव बदलले आणि बिऱ्हाड पुढे हार्लेम येथे आले. शाळेच्या खर्चाची ओढाताण असल्यामुळे मुलाला सुरुवातीची काही वर्षे वडिलांनीच घरी शिकवले. पुढे शाळेत गेल्यावर हा मुलगा झाडाझुडपांच्या नादी लागला. शाळकरी वयातच दीडशे वनस्पती गोळा करून, त्यांची नावे हुडकून, त्या वाळवून चिकटवून त्याने एका स्पर्धेत बक्षीस मिळवले. चुलत्यांनी पैशाची मदत केली म्हणून डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकमध्ये रसायनशास्त्र शिकता आले. तेथे त्याच्याबरोबर राहणारा सोबती कोण होता पाहा. यान व्हान्ट हॉफ! रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली ज्यांना मिळाले तेच हे. ही दोन पोरे बिऱ्हाडाच्या खोलीतच रसायनांचे प्रयोग करीत. घरमालकिणीने ते कसे सोसले असतील ते तिलाच माहीत.

१८७२ साली पदविका घेतल्यावर नोकरी करीत करीत शिकणे चालू होते. व्हाखेनिंगेन येथील शेतकी शाळेत ते शिक्षक झाले आणि १८७७ साली लायडेन विद्यापीठाची डॉक्टरची पदवी त्यांनी मिळवली. प्रबंधाचा विषय होता झाडांवर येणाऱ्या गाठी. करंजाच्या किंवा आंब्याच्या पानांवर किड्यांमुळे फोड आल्यासारख्या पुटकुळ्या आपण पाहतो ना, तसल्या गाठी. बारीकसा कीटक पानात अंडी घालतो आणि झाड त्याच्याभोवती घर बांधून देते. एका जिवाने दुसऱ्याच्या शरीराकडून हवे ते करवून घ्यावे, याचे बायरिंकना विलक्षण नवल वाटे. पुढच्या साऱ्या कामाचे बीज मला या नवलातच दिसते.

१८८५ साली त्यांनी शाळा सोडली आणि डेल्फ्टच्या यीस्ट व मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यात सूक्ष्मजीवांचे तज्ज्ञ म्हणून नोकरी धरली. कारखान्याचे मालक फान मार्केन हे त्या काळाच्या मानाने फारच पुढारलेले गृहस्थ होते. कारखान्याला आपला पुरेसा उपयोग होत नाही, ही खंत बायरिंकना सदैव असे. पण मालकांनी त्यांना प्रयोगशाळा दिली, मोकळीक दिली आणि आपला माणूस यीस्ट सोडून वाटाण्याच्या मुळांत काय शोधतो आहे असे विचारून हैराण केले नाही. विज्ञानाच्या इतिहासात अशा मालकांची नावे मागच्या पानावर जातात, म्हणून येथे मुद्दाम लिहिले.

आता थोडे विषयांतर करते, कारण त्यावाचून या माणसाने केले काय ते कळणार नाही.

हरभरा, तूर, मूग घेतल्यावर त्या रानात पुढचे पीक जोमदार येते, हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्याला आपल्याकडे बेवड असा नेमका शब्द आहे. प्राचीन रोमन लोकांनाही ही गोष्ट ठाऊक होती. ठाऊक नव्हते ते कारण. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्र आहे. प्रत्येक पान, प्रत्येक दाणा, आपले स्नायू, सारे नत्रावाचून अडते. तरीही झाडाला हवेतला नत्र घेता येत नाही. नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने असे घट्ट धरून असतात की ते सोडवणे झाडाच्या आवाक्याबाहेरचे. भरल्या नदीकाठी तहानलेले राहावे तशी सर्व हिरवी सृष्टी नत्राच्या समुद्रात नत्रासाठी उपाशी असते. मग हरभऱ्याला कोठून मिळतो?

याचे अर्धे उत्तर जर्मनीत बेर्नबुर्ग येथे हेर्मान हेलरीगेल व त्यांचे सहकारी विल्फार्ट यांनी दिले. त्यांनी कुंड्यांत स्वच्छ वाळू भरून धान्ये लावली. ओट आणि जव यांचा हिशेब सरळ होता: जितके नत्राचे खत घालावे तितकी वाढ, खत नाही तर वाढ नाही. वाटाण्याचा मात्र काही नेमच लागेना. शेजारशेजारच्या दोन कुंड्या, दोन्ही बिनखताच्या. एकीतला वाटाणा पिवळा पडून मरणपंथाला लागे, दुसरीतला काही दिवस उपाशी दिसे आणि मग एकाएकी हिरवागार होऊन झेप घेई. ज्या झाडांनी झेप घेतली त्यांच्या मुळांवर गाठी असत. वाळू भाजून निर्जंतुक केली की एकही गाठ येत नसे. त्याच वाळूत शेतातल्या मातीचे थोडे पाणी घातले की गाठी हजर. मातीचे ते पाणी उकळून घातले तर पुन्हा काही नाही. १८८६ साली बर्लिनच्या शास्त्रज्ञ-संमेलनात हेलरीगेलनी हे सांगितले. मातीतले काहीतरी जिवंत मुळात शिरते आणि त्याच्या साह्याने वाटाणा हवेतला नत्र घेतो, एवढे उघड झाले.

पण ते काहीतरी कोण? मुळांवरच्या गाठी सतराव्या शतकात माल्पिगींनी चित्रात काढल्या होत्या, त्या किड्यांच्या गाठी समजून. १८६६ साली रशियाच्या व्होरोनिन यांनी गाठीच्या आत जिवाणूंसारखे कण पाहिले. तरीही कोणी म्हणे हा रोग आहे, कोणी म्हणे झाडाने प्रथिने साठवण्यासाठी केलेली ही कोठारे आहेत, आतले कण जिवंतच नाहीत. वाद तोडायचा तर त्या कणाला गाठीतून बाहेर काढून, एकट्याला वाढवून, पुन्हा मुळाशी भेटवून दाखवणे भाग होते. आणि तो बाहेर वाढेना.

येथे बायरिंकांचा हात दिसतो. त्या वेळी जिवाणू वाढवायचे म्हणजे मांसाचा सकस रस्सा मांडायचा, अशी पद्धत होती. त्या रश्शावर मातीतले भलतेसलते जिवाणू उड्या घेत आणि गाठीतला हा संकोची जीव मागे पडे. बायरिंकनी गाठ वरून नीट स्वच्छ केली, आतला रस घेतला आणि त्याच्यासाठी वेगळे जेवण रांधले. शेंगवर्गीय झाडाच्याच पानांचा काढा, त्यात थोडी साखर, घट्टपणासाठी जिलेटिन, आणि नत्राचे अन्न अगदी बेताचे. ज्याला शोधायचे आहे त्याला आवडेल असे पान वाढायचे आणि आगंतुकांना उपाशी ठेवायचे, अशी ही रीत. आपण दह्याला विरजण लावताना दूध कोमट ठेवतो तेव्हा नकळत हेच करतो. तापत्या दुधात किंवा गारठलेल्या दुधात दही लागत नाही, कारण त्या जिवाणूची आवड आपण मोडलेली असते. बायरिंकनी हीच युक्ती जन्मभर निरनिराळ्या जिवाणूंसाठी वापरली आणि तिचे शास्त्र केले.

गाठीतला जीव त्या जिलेटिनवर हळूहळू उगवला. १८८८ साली त्यांनी तो निबंध प्रसिद्ध केला आणि त्या जिवाणूला मुळात राहणारा अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. पुढच्याच वर्षी फ्रांक यांनी त्याला रायझोबियम म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. पुढे बायरिंकनी निर्जंतुक मातीत वाढवलेल्या घेवड्यासारख्या एका युरोपीय शेंगेला हा शुद्ध जिवाणू देऊन गाठी आणून दाखवल्या, तेव्हा वाद मिटला. गाठ हा रोग नव्हता. ते दोघांनी मिळून बांधलेले घर होते.

परंतु एक गोष्ट त्यांना साधली नाही, आणि ती त्यांना बोचत असावी. बाहेर काढलेला एकटा जिवाणू हवेतला नत्र घेतो असे त्यांना दाखवता येईना. गाठीत तो हे काम करतो, भांड्यात ठेवला की हात आवरतो. खूप पुढे, १९७५ साली, निरनिराळ्या प्रयोगशाळांनी काही जातींच्या बाबतीत दाखवले की प्राणवायू अगदी मोजका ठेवला तर एकटा जिवाणूही ते करू शकतो. म्हणजे कोडे प्राणवायूचे होते. नत्राचे बंध तोडणारे जे विकर जिवाणूजवळ असते ते प्राणवायूने नासते, आणि प्राणवायूवाचून तर जिवाणूला श्वास नाही. या पेचातून वाट काढण्यासाठीच गाठीत तो लाल रंग असतो. आपल्या रक्तातील लाल द्रव्याचेच ते भावंड. ते प्राणवायू धरून ठेवते आणि जिवाणूला चमच्याचमच्याने पाजते. माझ्या नखाला लागलेले लाल पाणी ते हे! गाठ आतून लाल असेल तर ती कामाला लागलेली आहे, पांढरी असेल तर अजून बिनकामाची, आणि हिरवट करडी झाली की तिचे दिवस संपले, असे आता शेतकऱ्यांनाही सांगितले जाते.

या दोघांची गाठ पडते कशी, हेही गेल्या काही दशकांत उलगडले आहे. मूळ मातीत काही द्रव्ये सोडते, ती त्या जातीच्या जिवाणूलाच कळतात. जिवाणू उत्तरादाखल आपले द्रव्य सोडतो. त्याची रचना १९९० साली समजली. उत्तर पटले की मुळावरचा बारीक केस छत्रीच्या मुठीसारखा वळतो आणि जिवाणूला कवेत घेतो. मग आतल्या आत एक नळी तयार होते, तिच्यातून जिवाणू मुळाच्या गाभ्यात पोचतात आणि तेथे गाठ फुगू लागते. झाड साखर देते, जिवाणू नत्र देतो. सर्वांचे सर्वांशी जुळत नाही. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, मेथीचा वेगळा, सोयाबीनचा वेगळा. तूर, मूग, उडीद, चवळी व भुईमूग यांचे गोत्र मात्र बरेचसे एक. आणि आयते नत्राचे खत भरपूर घातले की झाड गाठी बांधावयाचेच टाळते. कशाला साखर खर्चील? हरभऱ्याला हौसेने युरिया ओतणाऱ्या आमच्या भावाला मी हे सांगितले, तेव्हा तो हसला. पण पुढच्या वर्षी त्याने युरियाचे पोते कमी आणले.

एक गोष्ट मला चटका लावून गेली. वाटाणा-हरभऱ्याच्या गाठीत जे जिवाणू नत्राच्या कामाला लागतात त्यांचे रूप पालटते. ते फुगतात, त्यांना फाटे फुटतात आणि मग त्यांना पुन्हा वाढता येत नाही. बायरिंकनी हे बदललेले रूप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते आणि त्यांची वाढीची शक्ती गेलेली असते हेही ओळखले होते. सासरी गेलेली लेक सासरचीच होऊन जावी तसे. गाठ कुजल्यावर मातीत परत येतात ते न बदललेले, मागे राहिलेले जिवाणू.

चरित्राकडे वळते. १८९५ साली बायरिंकना डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापकपद मिळाले आणि त्यांच्यासाठी नवी प्रयोगशाळा बांधली गेली. १८९८ साली त्यांनी तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणाऱ्या रोगाविषयी लिहिले. रोगट पानांचा रस चिनी मातीच्या ज्या गाळणीतून काढला तिच्यातून जिवाणू जात नाहीत, तरी रसाने रोग होई, आणि जिवंत पानात तो रोग वाढतच जाई. यावरून जिवाणूंहून निराळा, द्रवासारखा असा एक रोगकारक जगात आहे असे त्यांनी मांडले आणि त्याला व्हायरस म्हटले. वडिलांना बुडवणाऱ्या तंबाखूने मुलाला अशी कीर्ती दिली. पण तो विषय वेगळा, तो कोणी भगिनी पुढच्या अंकात लिहील तर बरे.

१९०१ साली ते पुन्हा नत्राकडे आले. या वेळी त्यांनी असे पाणी तयार केले की ज्यात साखरेच्या जातीचे अन्न आहे, क्षार आहेत, पण नत्र नावालाही नाही. त्यात बागेतली चिमूटभर माती टाकली आणि उथळ थर करून उबेत ठेवले. ज्याला हवेतला नत्र घेता येतो तोच त्या पाण्यात जगणार! काही दिवसांत पृष्ठभागावर साय धरली. हा जीव कोणत्याही झाडाच्या आश्रयाला न जाता मातीत मोकळा राहणारा होता. त्याचे नाव अ‍ॅझोटोबॅक्टर. दुसरी जात त्यांना डेल्फ्टच्या कालव्याच्या पाण्यात सापडली. आज ज्वारी, गहू, कपाशीच्या बियाण्याला जी जिवाणूंची पाकिटे लावतात त्यांवर हे नाव छापलेले असते. कडधान्याच्या पाकिटावर रायझोबियम असते. २५० ग्रॅमचे पाकीट, दहा-बारा किलो बियाणे, गुळाचे गार पाणी शिंपडून हलक्या हाताने चोळायचे आणि सावलीत सुकवायचे. उन्हात सुकवले तर जिवाणू मरतात आणि पाकिटाचे पैसे वाया जातात. ही दोन्ही पाकिटे एकाच माणसाच्या हातून निघाली असे म्हटले तर फार वावगे होणार नाही.

आता स्वभावाबद्दल. बायरिंक फटकळ होते, तापट होते. विद्यार्थी त्यांना भीत. एखाद्याचे काम मनास आले नाही तर चारचौघांत त्याचा पाणउतारा करीत. त्यामुळे इतक्या मोठ्या माणसाकडे डॉक्टर होण्यापर्यंत टिकलेले शिष्य थोडेच. शास्त्र आणि संसार एका ठिकाणी नांदत नाहीत असे त्यांचे मत होते, आणि ते स्वतः अविवाहित राहिले. आमच्या वाचनवर्गात मी हे सांगितले तेव्हा एका भगिनीने लगेच विचारले की मग घर कोण पाहत होते. प्रश्न योग्यच होता. घर त्यांच्या दोन बहिणी, योहाना आणि हेन्रिएट्टे, पाहत होत्या. त्याही अविवाहित होत्या आणि भावाबरोबरच राहत. संसार नको म्हणणाऱ्याला चूल चुकली होती काय? ती दुसऱ्या कोणाच्या तरी हाती होती इतकेच.

त्यातही हेन्रिएट्टे हिने नुसती चूल सांभाळली नाही. तिचा हात चित्रकलेत तयार होता. भावाच्या व्याख्यानांसाठी तिने मोठमोठे तक्ते रंगवले. सूक्ष्मदर्शकात जे एका डोळ्याने, एका वेळी एकालाच दिसते ते वर्गातील शेवटच्या बाकावरच्या मुलालाही दिसावे, यासाठीचे ते तक्ते. रोगट पाने, जिवाणूंच्या वसाहती, गाठी, सारे रंगांसह. त्या काळी रंगीत छायाचित्र वर्गात आणण्याची सोय नव्हती. तेव्हा डेल्फ्टच्या कित्येक विद्यार्थ्यांनी जिवाणूंच्या जगाचे पहिले रूप पाहिले ते या बाईच्या कुंचल्यातून. भावाचे लेखन पुढे अनेक खंडांत एकत्र छापले गेले आणि त्याला मानसन्मान मिळाले. त्यांत १९०५ सालचे लेवेनहूक पदकही होते. हे पदक सूक्ष्मजीवशास्त्रात दशकातून एकदाच दिले जाते. बहिणीचे नाव शोधावयास मला बरेच दिवस लागले.

बायरिंकांवर राग धरावा की काय, हे माझे अजून ठरलेले नाही. बहिणींना त्यांनी अंतर दिले नाही हेही खरे. मुळांमधील भागीदारीवर ज्याने आपले आयुष्य घालवले त्याला स्वतःच्या घरातील भागीदारी कितपत दिसत होती, हे कागदोपत्री कळत नाही.

१९२१ साली सत्तर वर्षे पुरी झाली आणि नियमाप्रमाणे त्यांना निवृत्त व्हावे लागले. प्रयोगशाळा सोडताना त्यांना फार जड गेले. बहिणींना घेऊन ते देशाच्या पूर्वेकडील खॉर्सेल या खेड्यात राहावयास गेले. तेथे बाग केली, झाडे लावली, आणि लहानपणची वनस्पतींची आवड परत हाती घेतली. पण हात स्वस्थ नव्हते. या सुमारास त्यांनी मातीतील आणखी एका नत्र घेणाऱ्या, नागमोडी आकाराच्या जिवाणूचे वर्णन केले. १९२५ साली त्याला नाव दिले. कोणी फारसे लक्ष दिले नाही. १ जानेवारी १९३१ रोजी, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्या दुर्लक्षित जिवाणूची कथा पुढे एका बाईच्या हाती आली, म्हणून ती सांगितल्यावाचून राहवत नाही. योहाना डोबेराइनर. जन्म १९२४, चेकोस्लोव्हाकियात. महायुद्धाने देशोधडीस लागलेली ही मुलगी जर्मनीत शेतकीशास्त्र शिकली आणि पुढे ब्राझीलमध्ये जाऊन स्थायिक झाली. गवताच्या मुळाशीही नत्र घेणारे जिवाणू असतात, हे ती सांगू लागली. गाठी शेंगांनाच येतात, मग गवताला कोण नत्र देणार, असे बहुतेकांना वाटे. १९७०च्या दशकात तिला गवताच्या व धान्याच्या मुळांवर भेटला तो बायरिंकांचाच नागमोडी जिवाणू. आता त्याला अ‍ॅझोस्पिरिलम म्हणतात. गाठ न बांधता तो मुळाच्या आसपास, मुळाला लगटून राहतो. मूळ जे गोड पाझरते त्यावर जगतो, थोडा नत्र देतो आणि मुळांना फाटे फुटावयास मदत करतो. याच बाईंनी ब्राझीलच्या सोयाबीनला खताऐवजी जिवाणूच पुरवावेत असा आग्रह धरला, आणि त्या देशाचा नत्रखतावरचा केवढा तरी पैसा वाचला. २००० साली त्या गेल्या.

हरभऱ्याच्या बेवडाबद्दल एक खुलासा मात्र करावयास हवा, कारण शाळेत मीही तो चुकीचा सांगत असे. जिवंत गाठ जमिनीत नत्र ओतत नाही. ती आपल्या झाडाला देते, आणि झाड त्यातले बरेचसे दाण्यात भरते. तो दाणा आपण बाजारात नेतो, डाळ करून खातो. जमिनीला मिळते ते मागे राहिलेल्या मुळांतले, कुजणाऱ्या गाठींतले, गळलेल्या पानांतले. म्हणून झाड मुळासकट उपटून नेले तर बेवड निम्मा उरतो. कापणी विळ्याने करून मुळे रानातच राहू द्यावीत. वहिनी आता तसेच करतात.

हेन्रिएट्टेने रंगवलेले तक्ते डेल्फ्ट येथे अजून जपून ठेवलेले आहेत. मला तेथे जाता येईल असे या वयात वाटत नाही. पण येत्या महिन्याच्या सभेला मी माझ्या गच्चीवरच्या कुंडीतली महिनाभराची मेथी मातीसकट अलगद काढून आणणार आहे. भगिनींनी भाजीच्या जुड्या घरीच ठेवून याव्यात, बाजारच्या मेथीची मुळे उपटताना तुटलेली असतात. पाण्याची परात आणि एखादी जुनी पांढरी चादर मात्र कोणीतरी आणावी. भिंग माझ्याकडे आहे.